भाटखोलचा हिरवा दिवा

१

दसऱ्याच्या दुपारी भाटखोलच्या खाडीच्या तोंडाशी एकाएकी वारं उठलं आणि गुजराती लाँचमालक भावेशच्या लाँचला कुशीवर आडवं करून गेलं. लाँच बुडाली नाही, एवढं नशीब. पण बाकं उपटली, माणसं एकमेकांच्या अंगावर कोसळली, हरिहरेश्वरहून परतणाऱ्या दोघा यात्रेकरूंची डोकी फुटली, आणि सणासाठी कॉलेजातून घरी निघालेल्या साक्षीची मांडी मोडली. साक्षी ही त्याच लाँचच्या तांडेलाची, धर्माजीची नात. आजोबा सुकाणूवर आणि नात मागच्या बाकावर, अशी दोघं घरी चालली होती.

वाऱ्याचं कोकणात कुणाला नवल नाही. नवल होतं ते दिव्याचं. वीस सालच्या वादळाने किनारा झोडपून काढल्यावर खाडी सुरक्षा प्रकल्प नावाचं एक प्रकरण निघालं होतं आणि त्याने भाटखोलच्या जेट्टीवर वारा मोजणारा खांब आणि एक मोठा दिवा उभा केला होता. वारा वाढला की दिवा लाल, आणि लाल दिसला की दोन्ही तीरांवरून लाँच सोडायची नाही. मधला निरोप्या म्हणजे जेट्टीवरच्या खोलीतल्या कपाटात बसवलेलं एक कार्ड. ते खांबाकडून वारा ऐकतं आणि दिव्याला कळवतं. दसऱ्याला खांबाने वारा मोजला, कार्ड चालू होतं, आणि तरी दिवा शेवटपर्यंत हिरवाच राहिला.

देखभाल करणाऱ्या पनवेलच्या कंपनीने निदान केलं. कार्ड नेटवर्कवर सापडत नाही, वीज ठीक, केबल ठीक, म्हणजे कुणीतरी कपाट उघडून आत छेडछाड केली आहे. कपाटाची चावी एकच आणि ती खोली सांभाळणाऱ्या सगुणाकडे. प्रकल्पाचा तरुण अधिकारी वरद याने तिला कामावरून थांबवलं आणि पोलिसांत द्यायची तक्रार टाइप करून ठेवली. ती सोमवारी जायची होती. तेवढ्यात कुणीतरी त्याला सुचवलं की आधी दिवेआगरच्या गोदाताईंना एकदा दाखवून घ्या.

गोदावरी टेलिफोन एक्स्चेंजमधून इंजिनिअर म्हणून निवृत्त झालेली बाई. वादळात वाडीतली निम्मी पोफळ आडवी झाली, ती पुन्हा लावण्यात तिचे दिवस जात होते. दोन माणसांवर तिचा जन्माचा राग होता. एक, काही न बघता ‘सिस्टिम डाऊन आहे’ म्हणणारा. आणि दुसरा, काही न बघता ‘कुणीतरी केलंय’ म्हणणारा. वरदचा फोन आला तेव्हा तिला एकाच वाक्यात दोघेही भेटले.

ती शनिवारी सकाळी जेट्टीवर पोचली. खोलीच्या पायरीवर सगुणा बसलेली होती. पस्तिशीची, आतल्या गावातली, भाताची कामं उरकून रोज दोन मैल चालत जेट्टीवर येणारी. कामावरून काढलेलं असताना ती इथे का, असं गोदावरीने विचारलं.

“चावी द्यायची व्हती सायबांना,” सगुणा म्हणाली. “आनि कुनी माझ्या माघारी काय बोलंल ते समोर बोलावं म्हून.”

तिने चावी गोदावरीच्या हातात ठेवली आणि नजर खाडीकडे वळवली. चोरी पकडली गेलेल्या माणसाची ती नजर नव्हती, हे गोदावरीला तेव्हाच वाटलं. पण काहीतरी लपवणाऱ्या माणसाची मात्र नक्की होती.

२

कपाट उघडल्यावर आत एक पोलादी चौकट दिसली. तिला कंपनीची माणसं चॅसी म्हणत. भांड्यांच्या मांडणीत ताटं उभी लावतात तशा तिच्यात उभ्या खाचा होत्या, आणि काही खाचांत कार्डं बसवलेली होती. बाकीच्या रिकाम्या होत्या. खाचांवर कधीतरी आकड्यांची चिकटपट्टी असावी. खाऱ्या हवेने ती सोलून निघाली होती आणि तिचा डिंक तेवढा उरला होता.

निरोप्याचं काम करणारं प्रोसेसरचं कार्ड ओळखायला वेळ लागला नाही. त्याचे दिवे लागलेले होते. त्याच्या तोंडात केबल होती आणि केबलच्या दुसऱ्या टोकालाही दिवा होता. म्हणजे तार धड होती. गोदावरीने आपला लॅपटॉप जोडून कार्डाला त्याच्या ठरलेल्या पत्त्यावर हाक मारली. उत्तर नाही. पुन्हा मारली. नाहीच.

वरद मागे हाताची घडी घालून उभा होता. पनवेलवाल्यांनीही हेच केलं, असं त्याने नम्रपणे सांगितलं. त्या नम्रपणाच्या तळाशी जो अर्थ होता, तो गोदावरीला ऐकू आला. तिने त्याला शेवटचा निरोप दिव्याला कधी मिळाला होता ते विचारलं. खंडेनवमीच्या सकाळी, तो म्हणाला. म्हणजे वारं उठलं त्याच्या आदल्या दिवशी.

“आणि मधल्या सगळ्या वेळात दिवा काय करत होता?”

“हिरवा होता.”

“निरोप नाही तरी?”

वरद जरा चाचरला. नवा निरोप आला नाही की दिवा आहे त्या रंगात राहतो, अशी योजनाच होती. ती मुंबईत कुणीतरी ठरवली होती आणि इथे कुणी विचारली नव्हती. गप्प म्हणजे ठीक, असं त्या दिव्याला शिकवलेलं होतं. गोदावरीने ते मनात ठेवलं.

एक्स्चेंजमध्ये तिचे गुरू सांगत, हाकेला ओ मिळाली नाही की ओरडू नये, कान द्यावा. तिने हाका मारणं थांबवलं आणि लॅपटॉपला नुसतं ऐकत ठेवलं. तारेवरून जे काही जाईल ते पडद्यावर दिसायचं. थोडा वेळ काहीच नव्हतं. मग एक ओळ उमटली, थोड्या वेळाने आणखी एक.

कार्ड बोलत होतं. एकसारखं बोलत होतं, दिव्याला वारा सांगत होतं. फक्त त्याच्या पत्त्याच्या शेवटी चार हवे होते, तिथे पाच होते. दिव्याला शेवटी चार असलेल्या पत्त्याचंच ऐकायला शिकवलेलं, त्यामुळे पाचवाला कितीही घसा फोडो, तो ढिम्म. पनवेलवालेही चारलाच हाका मारत बसले होते.

वरद पुढे वाकला आणि त्याचा चेहरा उजळला. “म्हणजे पत्ता बदललाय. आपोआप तर बदलत नाही ना, मॅडम? कुणीतरी आत शिरून बदललाय. बघा, मी म्हणत होतो.”

पायरीवर बसलेल्या सगुणाने ते ऐकलं. तिला सोडवायला आलेल्या बाईनेच तिच्या गळ्यातला फास आवळला होता, आणि ते गोदावरीला लख्ख कळत होतं.

३

दुपारी कंपनीचा कमलेश आला. पनवेलचा, गोरागोमटा, बोलताना मुंबईची हिंदी मध्ये मध्ये टाकणारा. आपल्यावर शेकणार की काय या धास्तीने तो खुर्चीच्या टोकावर बसला. आपण काय काय केलं ते त्याने भराभरा सांगितलं. दसऱ्यानंतर तो आला, कपाट उघडलं, केबल बदलली, फरक नाही. मग कार्डच बदललं.

गोदावरीचा हात चहाच्या कपाशी थांबला. “कार्ड बदललंत? मग आत आहे ते कुठलं?”

“नया है मॅडम. बॉक्समधलं. जुनं जिथे होतं तिथेच लावलं, एकदम सेम जागा. तरी पिंग नाय, हाकेला जवाबच नाय. तेव्हाच मी बोललो, भाई, हे सेटिंगचं लफडं आहे.”

बिचाऱ्याला आपण काय बोलून गेलो ते कळलं नाही. गोदावरीने वरदला जवळ बोलावलं आणि शांतपणे हिशेब मांडला. सगुणाने, किंवा आणखी कुणी, जुन्या कार्डाचा पत्ता बदलला असं धरू. मग त्या कार्डाबरोबर तो गेला. खोक्यातून काढलेल्या नव्या कार्डाला कुणाचा हात लागलेला नाही. तरी तेही स्वतःला पाच म्हणवतं. दोन कार्डं, एकाचा दुसऱ्याशी संबंध नाही, आणि दोघांचा पत्ता एकच चुकलेला. मग त्या दोघांत सारखं काय?

वरद विचार करू लागला. मुलगा मूर्ख नव्हता, घाईत होता. “जागा,” तो शेवटी म्हणाला.

“जागा,” गोदावरी म्हणाली. एक्स्चेंजमध्येही कार्डाला नाव नसायचं, जागेला असायचं. अशा चॅसीत प्रत्येक खाचेच्या मागे पिना असतात. कार्ड आत सरकलं की त्या पिनांवरून ओळखतं, आपण कितव्या घरात आहोत, आणि तोच आपला पत्ता सांगतं. चौथ्या खाचेत बसवलं तर चार, पाचव्यात बसवलं तर पाच. इथे कुणी सेटिंग बदललं नव्हतं. कार्डाने घर बदललं होतं.

ती टॉर्च घेऊन कपाटापुढे गुडघ्यावर बसली. कार्ड होतं त्या खाचेच्या कडेला कोळ्याचं जाळं होतं, अर्धं फाटून पट्टीला चिकटलेलं. राहत्या घरात असं जाळं नसतं. त्याच्या डावीकडची खाच रिकामी होती आणि तिच्या पट्ट्या स्वच्छ, आतबाहेर घासून चकचकीत झालेल्या. वर्षानुवर्षं कार्ड तिथे होतं, यात शंका नव्हती. आणि त्या रिकाम्या खाचेच्या अगदी तळाशी, पिनांच्या तोंडाशी, काहीतरी अडकलेलं होतं. तिने चिमट्याने ते बाहेर काढून तळहातावर घेतलं.

तांदळाचा दाणा होता. कुंकवाने लाल झालेला.

४

कोकणातल्या माणसाला अक्षतेचा दाणा ओळखायला अभ्यास लागत नाही. खंडेनवमीला शस्त्रांची पूजा असते, आणि आता शस्त्रं कुणाकडे आहेत? म्हणून माणसं गाडी पुजतात, पंप पुजतात, शिवणयंत्र पुजतात, शाळेतला संगणक पुजतात. दिव्याला शेवटचा निरोप गेला तोही त्याच सकाळी. पूजेतल्या दाण्याने खाच अडली आणि कार्ड शेजारी बसवलं गेलं; कसं घडलं ते आता कळलं होतं. कुणी, हे उरलं होतं.

वरदने ते सोपं करून टाकलं. छेडछाड नसेल, पूजा असेल. पण चावी सगुणाकडे, म्हणजे हात सगुणाचा. त्या हातामुळे एका मुलीची मांडी मोडली. तक्रारीतला एक शब्द बदलेल इतकंच, तो म्हणाला, आणि तसं म्हणताना त्यालाही बरं वाटत नव्हतं.

गोदावरीने भावेशलाही बोलावून घेतलं, कारण गावात त्याचंच नाव आधी कुजबुजलं जात होतं. लाल दिव्याने त्याच्या फेऱ्या बुडत आणि ह्या दिव्याला एकदा खाडीत बुडवतो असं तो चारचौघांत म्हणालेला होता. भावेश आला तो उतरल्या चेहऱ्याने. म्हणालो होतो, त्याने कबूल केलं. “पण बेन, दिवा बंद करायचा असता तर मी माझीच लाँच त्या दिवशी पाण्यात घातली असती काय? मारी पोतानी?” त्याचं म्हणणं बिनतोड होतं. खंडेनवमीला तो कुटुंबासह नातेवाइकांकडे गेला होता, हेही खरं निघालं.

मग गोदावरी सगुणापाशी पायरीवर जाऊन बसली. सरळच विचारलं, खंडेनवमीची पूजा कुणी केली?

“मीच केली.” उत्तर लगेच आलं, फार लगेच. “कपाट उघाडलं, कुंकू लावलं, तांदूळ वाह्यलं. कार्ड माझ्याच हातानं हाललं आसंल. लिवा तसं.”

“कार्ड बाहेर कसं काढलंस?”

“वढून.”

गोदावरीने मान हलवली. ते कार्ड ओढून निघत नाही. त्याच्या वर-खाली दोन छोट्या खिट्या असतात, त्या एकदम बाहेर दाबाव्या लागतात. नुसतं ओढणाऱ्याच्या हाती काही येत नाही. पण ती तसं काही बोलली नाही. तिने पिशवीतला डबा काढला. सकाळी निघताना शेजारणीने देवीचा प्रसाद दिला होता, खोबऱ्याची वडी. बोलणं जरा सैल व्हावं म्हणून तिने एक वडी सगुणापुढे धरली.

सगुणाचा हात पुढे आला आणि मागे गेला. “मला नको, बाई. सुतक हाय.”

“कधीपासून?”

“चुलतसासरं गेलं माझं. सातव्या माळेला.”

म्हटलं आणि ती थांबली. दोघीही थांबल्या. सातव्या माळेला सुतक लागलं, आणि खंडेनवमी म्हणजे नववी माळ. सुतकातली बाई प्रसादाच्या वडीला हात लावत नाही, ती कपाट उघडून अक्षता वाहील? सगुणाने पूजा केली नव्हती. ती करूच शकत नव्हती. आणि तरीही, नोकरी जाणार हे दिसत असताना, ती स्वतःवर घेत होती.

५

“कुणाला दिलीस चावी?” गोदावरीने विचारलं.

सगुणाचे डोळे भरून आले आणि तिने ते पदराने पुसले नाहीत, तसेच राहू दिले. तिने जे सांगितलं ते थोडक्यात असं. खंडेनवमीला सगळ्या जेट्टीची पूजा होते, लाँचच्या इंजिनापासून वजनकाट्यापर्यंत. वादळानंतर माणसं जगली ती या यंत्रामुळे, असं गावात मानतात, त्यामुळे कपाटाची पूजा चुकवायची नाही. सुतक असल्यामुळे तिला ती करता येईना. म्हणून तिने चावी दुसऱ्या भावकीतल्या एका जाणत्या माणसाला दिली आणि आपण बाहेर पायरीवर बसून राहिली. त्याने आत काय केलं ते तिने पाहिलं नाही. पण दसऱ्याला दिवा हिरवा राहिला तेव्हाच तिला संशय आला.

“कोण जाणता माणूस?”

“धर्माजीतात्या.”

धर्माजी तांडेल. त्याच्याच हातात सुकाणू होतं. त्याचीच नात माणगावच्या दवाखान्यात पायाला वजन बांधून पडली होती.

“त्यान्ला म्हायती न्हाय,” सगुणा म्हणाली. “त्यान्ला वाटतंय आपुन पुन्याचं काम केलं. माझी नोकरी गेली तर दुसरी मिळंल, न्हायतर भात हायच. पन आपल्याच हातानं पोरीचा पाय मोडला, ह्ये त्यान्ला कळलं तर म्हातारा उभा ऱ्हाईल का, बाई? तुमी सांगू नका. माझंच लिवा.”

गोदावरीचा जीव कळवळला, ते तिने लपवलं नाही. तिने सगुणाचा हात धरला आणि बराच वेळ धरून ठेवला. तिला एवढंच दिसत होतं की आपल्याला खरं शोधायला बोलावलं होतं, ते सापडलं, आणि आता ते कुणालाच नको होतं.

तिने आधी यंत्राचं काम उरकायचं ठरवलं. यंत्राचं तरी सरळ असतं. कमलेशने दोन्ही खिट्या दाबून कार्ड बाहेर काढलं आणि डावीकडच्या स्वच्छ खाचेत सरकवलं. दाणा काढलेला होता, कार्ड खटकन आत बसलं. पडद्यावर ओळ उमटली, पत्त्याच्या शेवटी चार. मग कमलेश शिडीने खांबावर चढला आणि वाऱ्याच्या वाट्या त्याने हाताने गरागरा फिरवल्या. जेट्टीवरचा दिवा लाल झाला. धक्क्यावर उभ्या असलेल्या बायकांपैकी कुणीतरी हात जोडले.

आवाज आणि गर्दी बघून एक म्हातारा पायऱ्या चढून वर आला. काटक, उन्हाने काळा, खांद्यावर पंचा. त्याने दिव्याकडे पाहिलं, मग उघड्या कपाटाकडे, मग चौकटीत बसलेल्या कार्डाकडे. आणि तो म्हणाला, “ह्ये हितं बसलं कसं? ह्या खाचंत त्ये बसत न्हवतं.”

वरदने झटकन मान वळवली. सगुणाने डोळे मिटले.

६

आता लपवण्यात अर्थ नव्हता. गोदावरीने वरदला हाताने थांबवलं, धर्माजीला खोलीतल्या एकुलत्या खुर्चीवर बसवलं आणि स्वतः स्टुलावर बसून त्याला विचारलं, खंडेनवमीला काय काय केलंत, तात्या, नीट सांगा.

त्याने नीट सांगितलं. हत्यार जागेवर ठेवून पुजत नाहीत. लाँचच्या इंजिनाचे सुटे भागसुद्धा तो काढतो, पुसतो, पाटावर मांडतो आणि मग पुजतो. त्याने कंपनीच्या माणसांना कार्ड काढताना कितीदा पाहिलं होतं, खिट्या कशा दाबायच्या ते त्याला ठाऊक होतं. त्याने मागचं विजेचं बटण बंद केलं, कार्ड काढलं, पंचाने हलक्या हाताने पुसलं, पाटावर ठेवून कुंकू-फूल वाहिलं. मग घराला नको का, म्हणून चौकटीवरही अक्षता टाकल्या. कार्ड परत लावू लागला तर ते शेवटी शेवटी अडे. जोर केला असता तर मोडलं असतं. शेजारच्या खाचेत सरकवून पाहिलं, सुळकन गेलं. बटण चालू केल्यावर सगळे दिवे लागले. बसलं म्हणून तो समाधानाने बाहेर आला.

गोदावरीने त्याला दाणा दाखवला. तो खाचेत अडकला, म्हणून कार्ड शेजारी गेलं. शेजारी गेलं म्हणून त्याचा पत्ता बदलला. पत्ता बदलला म्हणून दिव्याला ते ऐकू येईना. एकेक गोष्ट तिने सावकाश सांगितली, त्याच्या डोळ्यांत बघून, कारण हे त्याला दुसऱ्या कुणाकडून कळावं असं तिला वाटत नव्हतं.

धर्माजीने सगळं ऐकून घेतलं. बाहेर भावेशची लाँच रिकामीच धक्क्याला लागलेली होती आणि तिचा दोर कुरकुरत होता. म्हाताऱ्याचा चेहरा राखेसारखा झाला, पण तो कोसळला नाही. तो बोलला तेव्हा आवाज खाली होता.

“तुमाला वाटतंय मला आत्ता कळलं,” तो म्हणाला. “माझ्या मनाला दसऱ्यापास्नं ठावं हाय. कार्डाचं न्हवं, माझं. निघतानाच वारं कानामागं आलं व्हतं. तोंडाशी पानी काळं दिसत व्हतं. उभा जलम खाडीत गेला माझा, मला कळत न्हवतं व्हय? पन दिवा हिरवा व्हता. म्हनलं, आपुन म्हातारं झालो, येंत्राला जास्ती कळतंय. पोरीला म्हनलं, बस मागं, काय हुईत न्हाय.”

त्याने कपाटाकडे पाहिलं.

“आदी मी त्याचं तोंड बंद केलं,” तो म्हणाला, “आनि मग त्ये गप ऱ्हायलं म्हून त्याच्यावर इस्वास ठिवला.”

वरदने तक्रारीचा कागद टेबलावरून उचलला, त्याची घडी केली आणि तो खिशात घातला. तो म्हणाला की दिव्याची योजना तो बदलून घेईल. निरोप आला नाही तर दिवा लालच व्हायला हवा, हे आधी कुणाच्या तरी लक्षात यायला हवं होतं, त्याच्यासुद्धा. खाचांवर आकडे कोरून घेईल. पूजा करायची तर दाराबाहेरून, अशी पाटीही लावेल. तो मनापासून बोलत होता, आणि गोदावरीला तो त्या दिवशी पहिल्यांदा आवडला.

मग ती अहवाल लिहायला बसली. दोष कुणाचा हे लिहिणं भाग होतं. योजनेचा, हे तिने पहिल्या परिच्छेदात लिहिलं. गळून पडलेल्या आकड्यांचा, हे दुसऱ्यात. तिसऱ्यापाशी तिचं पेन थांबलं. ती धर्माजीला म्हणाली, “पूजेच्या वेळी कार्डाची जागा बदलली, एवढं लिहिते, तात्या. कुणाच्या हातून, ते नको. हेतू वाईट नव्हता. नाव नसलं तरी चालेल.”

धर्माजीने मान हलवली. “नाव लिवा.”

“कशाला?”

“रिकामी जागा ऱ्हायली तर लोक तिथं सगुनाचं नाव घालतील,” तो म्हणाला. “आत्तापातुर त्येच घालत व्हते.”

सगुणा दारात उभी होती. तिने तोंडाला पदर लावला आणि ती ढसाढसा रडली, इतक्या दिवसांचं सगळं एकदम.

गोदावरीने नाव लिहिलं, वडिलांच्या नावासकट आणि आडनावासकट. तिने कागद वरदकडे सरकवला, पण धर्माजीने मध्येच हात घालून तो धरला. त्याला वाचता येत नव्हतं. त्याने तिला तो तिसरा परिच्छेद मोठ्याने वाचून दाखवायला सांगितला. तिने वाचला. त्याने पुन्हा वाचायला लावला, आणि तिच्यामागून एकेक वाक्य तो हळूहळू म्हणत गेला, जीभ अडखळली की थांबून परत.

“पाठ कशाला करताय, तात्या?” वरदने विचारलं.

“मानगावला जातोय आत्ता,” धर्माजी म्हणाला. “साक्षीला ह्येच सांगायचं हाय. माझ्या तोंडून कमी पडायला नको.”